दहावीच्या पुस्तकातला तिसरा धडा

आपल्या घरात दहावीचे मूल असेल, तर हा लेख पुढे वाचण्यापूर्वी त्याच्या दप्तरातून बालभारतीचे ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ हे पुस्तक काढून घ्यावे, अशी विनंती आहे. त्यातला तिसरा धडा उघडावा. ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २’ असे त्याचे मोठे सोवळे नाव आहे. आत मात्र स्त्री-पुरुषांच्या प्रजननसंस्थेच्या आकृत्या आहेत, मासिक पाळीचे चक्र आहे, उपदंश आणि परमा यांसारख्या लैंगिक आजारांची माहिती आहे, कुटुंबनियोजन आहे, शरीरबाह्य फलन आणि सरोगसीदेखील आहे. आता त्या पानांकडे जरा निरखून पाहा. शेजारच्या धड्यांत अधोरेखित केलेली वाक्ये, समासातली टिपणे, आकृत्यांवर गिरवलेल्या नावांच्या खुणा दिसतील. हा धडा जर छापखान्यातून आला तसाच कोरा असेल, तर वर्गात काय घडले असावे हे वेगळे सांगायला नको. ‘हे तुम्ही घरी वाचून या,’ असे सांगून शिक्षक पुढच्या धड्याकडे वळले असतील. आणि घरी आपण असे धरून चाललो असू की शाळेत शिकवलेच असेल.

शिक्षकांना दोष देणे सोपे आहे. पन्नास-साठ मुलामुलींच्या मिश्र वर्गात, मागच्या बाकांवरून येणारी खसखस ऐकत, कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय अंडाशय आणि वृषण हे शब्द फळ्यावर लिहिणे अवघडच आहे. परंतु या संकोचाला एक इतिहास आहे, आणि तो केवळ आपल्या लाजाळू स्वभावाचा नाही. त्यात राजकारणाचा वाटा मोठा आहे.

चिकलठाण्याचेच उदाहरण घ्या. एकीकडे विमानतळ, दुसरीकडे औद्योगिक वसाहत, मधून जालना रोड आणि जुने गाव. वसाहतीत औषधे तयार करणारे कारखाने आहेत. जालना, बीड, परभणीकडून कामासाठी आलेली कुटुंबे आसपासच्या भाड्याच्या खोल्यांत संसार करतात. साऱ्या शहरात ‘मिनी घाटी’ या नावाने ओळखले जाणारे जिल्हा सामान्य रुग्णालयही येथेच आहे. म्हणजे औषधही येथेच तयार होते आणि डॉक्टरही येथेच भेटतात. तरीही दुकानात पॅडचे पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून दिले जाते आणि गर्भनिरोधक गोळ्यांचे नाव गिऱ्हाईक पुटपुटतच घेते. ज्ञान जवळ असणे आणि ते आपल्या हातात असणे यांत हे एवढे अंतर आहे.

आता राजकारणाकडे येऊ. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह हे वैदिक संमेलनानिमित्त या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, आले होते. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचे लिहून ठेवलेले नाही, सबब डार्विनचा सिद्धांत चूक आहे आणि तो शाळा-महाविद्यालयांतून बदलला पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. देशातल्या तिन्ही प्रमुख विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून या विधानाला शास्त्रीय आधार नसल्याचे सांगितले. खुद्द त्यांचे वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनी त्यांना अशी विधाने टाळण्याची समज दिली. सिंह हे मुंबईचे माजी पोलीस आयुक्त, आणि त्यांचे शिक्षण रसायनशास्त्रातले! विज्ञानाची पदवी आणि विज्ञानाची दृष्टी या दोन निराळ्या वस्तू आहेत, याचा एवढा ठसठशीत दाखला सहसा मिळत नाही. योगायोग असा की त्याच वर्षी दहावीचे नवे पुस्तक आले आणि त्याचा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा होता. महाराष्ट्राने तो ठेवला. पुढे २०२३ मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग ‘भार कमी करण्यासाठी’ वगळला. तेव्हा १८०० हून अधिक शास्त्रज्ञांनी व शिक्षकांनी निषेधाचे पत्र लिहिले.

उत्क्रांतीचा आणि आपल्या घरच्या आरोग्याचा काय संबंध, असा प्रश्न पडेल. संबंध अगदी जवळचा आहे. परमा हा रोग एके काळी पेनिसिलिनच्या सुईने बरा होत असे. आज त्याचे जंतू एकामागून एक प्रतिजैविकांना दाद देईनासे झाले आहेत, आणि ही डोळ्यांदेखत घडलेली उत्क्रांतीच आहे. औषधाला पुरून उरलेले मोजके जंतू वाढतात आणि पुढच्या पिढीतले सारेच जंतू तसे निपजतात. आपण डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बरे वाटताच मध्येच सोडतो किंवा दुकानदाराकडून चार गोळ्या मागून घेतो, तेव्हा आपणही या निवडीला हातभार लावत असतो. पहिला धडा वगळला की तिसऱ्या धड्यातला हा रोगही अर्धाच समजतो.

परंतु डार्विनवरचा वाद निदान उघड होता. मंत्री एक बोलले, शास्त्रज्ञ दुसरे बोलले, वर्तमानपत्रांनी दोन्ही छापले. प्रजननाच्या शिक्षणावर महाराष्ट्रात जे घडले ते याहून शांतपणे घडले, आणि म्हणून ते अधिक नुकसानकारक ठरले.

एचआयव्हीचा प्रसार अधिक असलेल्या सहा राज्यांत तेव्हा महाराष्ट्राची गणना होत असे. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालय आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना यांनी २००५ च्या सुमारास नववीपासूनच्या विद्यार्थ्यांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आखला. शिक्षकांसाठीचे तक्ते आणि पुस्तिका राज्यात पोहोचल्या. २००७ साली त्यावर विधानसभेत गदारोळ झाला. चित्रे अश्लील आहेत, ही पाश्चात्त्य संस्कृती आहे, मुले बिघडतील, असे आक्षेप घेतले गेले. सरकार काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीचे, विरोधी बाकांवर शिवसेना-भाजप. या मागणीत मात्र दोन्ही बाजूंचे सदस्य एकत्र होते. कार्यक्रम राज्यात बंद करण्यात आला. मध्य प्रदेश, कर्नाटक, गुजरात, केरळ या राज्यांनीही थोड्याफार फरकाने हीच वाट धरली. त्यांत भाजपचीही सरकारे होती आणि डाव्यांचेही. म्हणजे दिल्लीत ज्या पक्षाने कार्यक्रम आणला, त्याच पक्षाने मुंबईत तो थांबवला! पुढे २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळांत लैंगिक शिक्षण नको असाच अहवाल दिला. न्या. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये, दिल्लीतील त्या अमानुष घटनेनंतर, नेमके उलट सांगितले. पण समित्यांचे अहवाल कपाटात जाण्याची आपली परंपरा जुनी आहे.

अमेरिकेत गर्भपाताचा प्रश्न दोन पक्षांना उभा चिरत जातो. तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली गर्भपाताचे घटनात्मक संरक्षण काढून घेतल्यापासून कोणत्या राज्यात कोणाचे सरकार आहे यावर स्त्रीला मिळणारे उपचार ठरू लागले. आपल्याकडे तसे नाही, हे आपले भाग्य. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा फारशा खडाजंगीशिवाय झाला. त्याचा पाया घालणाऱ्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री होते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने, आणि काही विशिष्ट परिस्थितींत दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत, गर्भपात कायदेशीर आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीत अविवाहित स्त्रियांनाही समान स्थान दिले. कायदा उदार आहे. तो माहीत कोणाला आहे, हा प्रश्न तेवढा उरतो. आपले दुखणे पक्षभेदाचे नाही. बाकी सर्व बाबतींत एकमेकांच्या उरावर बसणारे पक्ष या एका विषयावर मौन पाळण्यात एकमताचे आहेत, हे आपले दुखणे आहे. ज्यावर सगळेच गप्प, त्यावर मत कोणाविरुद्ध द्यायचे?

हे मौन शरीराबद्दलच्या आदरातून आलेले असते, तर एक वेळ समजता आले असते. परंतु याच विधिमंडळाने १९७६ साली, आणीबाणीत, तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही, पण शिबिरांची दहशत घराघरांत पोहोचायची ती पोहोचलीच. मराठवाड्यातल्या वडीलधाऱ्या माणसांना त्या दिवसांविषयी विचारून पाहावे. आजही तिसरे अपत्य झाले तर ग्रामपंचायतीचे सदस्यत्व जाते, शासकीय नोकरीच्या अर्जासोबत लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. म्हणजे गर्भाशयांची मोजदाद करायला शासनाला संकोच वाटला नाही. त्याची आकृती चौदा वर्षांच्या मुलीला समजावून सांगायची वेळ आली, तेव्हा मात्र संस्कृती आठवली.

याच राज्यात याच्या उलट वागलेली माणसेही होती. प्रा. र. धों. कर्वे यांनी मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र काढले. या कामापायी त्यांना विल्सन महाविद्यालयातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ साली त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ज्या शहरात पुढे १९५० मध्ये त्यांनी मिलिंद महाविद्यालय उभे केले, त्या शहरातल्या वाचकांनी ही गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. नोव्हेंबर १९३८ मध्ये बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा प्रसार करण्याचा ठराव आणला, तोही फेटाळला गेला. आरोग्यविषयक नियतकालिकात वाचकांचे प्रश्न छापणे आज आपल्याला साधे वाटते. त्याची किंमत आधी कोणीतरी मोजलेली आहे.

बीड : ‘पिशवी’ची गोष्ट

मौनाची किंमत किती, ते पाहायला चिकलठाण्याहून फार दूर जावे लागत नाही. बीड जिल्ह्यातून दर वर्षी लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली, कामाला एक दिवस खाडा झाला की दंड. फडाजवळच्या कोपीत ना न्हाणीघर, ना शौचालय. पाळीच्या चार दिवसांत अंग दुखून बाईने सुट्टी घेतली तर कमाई जाते आणि वर दंड भरावा लागतो. अशा स्थितीत ओटीपोटात दुखते, अंगावर पांढरे जाते, म्हणून ती डॉक्टरकडे गेली की तिला सांगितले जाई : पिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल. २०१९ मध्ये राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात सर्वेक्षण झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. यांतल्या कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या होत्या.

हे सारे केवळ अज्ञानामुळे घडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुकादमाचा दंड, खासगी रुग्णालयांचा लोभ, सरकारी दवाखान्यांचे अंतर, कोवळ्या वयातली लग्ने ही कारणे आधी येतात. शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम नंतर बीडमध्ये आला, तो योग्यच होता. परंतु प्रत्येक बाईच्या हाती आणखी एक आधार असता तर? पाळीच्या चक्रात मधल्या दिवसांत पांढरा स्राव वाढणे स्वाभाविक असते. त्याला दुर्गंधी, खाज किंवा हिरवट-पिवळा रंग आला तर बहुधा संसर्ग असतो आणि तो गोळ्यांनी बरा होतो. गर्भाशय काढल्याने पाळी थांबते खरी, पण सोबत अंडाशयेही काढली गेली तर ऐन तारुण्यात रजोनिवृत्ती येते; हाडे ठिसूळ होतात, अंगाची आग होते, हृदयविकाराचा धोका वाढतो. याचा पाया तिसऱ्या धड्यातल्या दोन आकृत्यांत आहे. तो कळलेली बाई डॉक्टरांना निदान विचारते, ‘सोनोग्राफीत काय दिसले? अंडाशये ठेवणार की काढणार?’ असे विचारणाऱ्या बाईला फसवणे थोडे अवघड जाते.

आणखी एक गोष्ट त्याच पुस्तकात आहे. अंडपेशीत नेहमी एक्स गुणसूत्र असते. शुक्रपेशीत एक्स किंवा वाय. मूल मुलगा की मुलगी हे पित्याच्या पेशीवरून ठरते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ साली, महाराष्ट्राने कायदा केला. तरीही २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुली होत्या अवघ्या ८०७. मुली झाल्या म्हणून सुनेला घालून पाडून बोलणाऱ्या घरात दहावी उत्तीर्ण झालेली किती माणसे असतील, याचा हिशेब आपला आपणच करावा.

मुलग्यांची उपेक्षा तर आणखी वेगळी. त्यांच्यासाठी वर्गात धडा नाही, घरात कोणी बोलत नाही. बोलतात त्या बसस्थानकाच्या भिंतींवरच्या ‘गुप्तरोग’ तज्ज्ञांच्या जाहिराती आणि हातातला मोबाईल. झोपेत वीर्य जाणे ही वयात येण्याची साधी खूण आहे, पण आपल्या भाषेनेच तिला ‘स्वप्नदोष’ म्हणून ठेवले. ज्या शब्दातच दोष आहे, त्यावर औषध विकणारा भेटणारच. बापाने एकदा ‘हे सर्वांना होते, याला औषध लागत नाही’ एवढे वाक्य उच्चारले, तर मुलाचे पैसे वाचतील आणि रात्रीची झोपही.

शिकवल्याने मुले बिघडतात, ही भीती खोटी नाही; भीती म्हणून ती खरीच असते. पण तिच्यामागचा समज टिकत नाही. युनेस्कोने अनेक देशांतल्या अभ्यासांचा आढावा घेऊन सांगितले आहे की असे शिक्षण मिळालेली मुले लैंगिक संबंधांकडे लवकर वळत नाहीत. उलट न शिकवता आपण काय मिळवले? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वर्षांच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. बीड आणि परभणीत हे प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक आहे. ज्या वयात आकृती दाखवणे आपण अश्लील मानतो, जवळजवळ त्याच वयात पोटी मूल येणे आपल्याला चालते.

मराठवाड्याची दुसरीही एक कहाणी आहे, तिची चर्चा अकारण कमी होते. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय यांनी आंतरराष्ट्रीय संशोधकांसह गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी-पाहणी केली. तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १,३१,७४६ ग्रामीण स्त्रिया तिच्या कक्षेत होत्या. एचपीव्ही विषाणूची चाचणी आयुष्यात एकदा जरी झाली, तरी या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून दिसले. २००९ मध्ये, म्हणजे राज्यसभेची समिती शाळांत हे शिकवू नका म्हणत होती त्याच वर्षी, हे निष्कर्ष जगातल्या अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. खेड्यातल्या बायकांना शरीराबद्दल बोलणे रुचत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. नीट समजावून सांगितल्यावर त्या चाचणीला आल्या, आणि जगाच्या उपयोगी पडेल असे ज्ञान देऊन गेल्या.

तेव्हा आपल्या घरापुरते काय करता येईल? तिशी ओलांडलेल्या स्त्रीने ही चाचणी कोठे होते हे जिल्हा रुग्णालयात विचारावे. मुलगी नऊ ते चौदा वर्षांची असेल तर एचपीव्ही लसीबद्दल डॉक्टरांशी बोलावे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची स्वदेशी लस आता उपलब्ध आहे. वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी शासकीय रुग्णालयांत ‘मैत्री’ नावाने समुपदेशन केंद्रे चालतात. मिनी घाटीत केसपेपर काढतानाच त्यांची चौकशी करावी, आणि मूल समुपदेशकाशी बोलत असताना आपण बाहेरच्या बाकावर बसावे. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन वर्षे ती अनियमित असू शकते. पण तीन महिने आलीच नाही, आठवड्याहून अधिक काळ चालली किंवा दर दोन तासांनी पॅड बदलावा लागला, तर तपासणी आणि हिमोग्लोबिन दोन्ही करून घ्यावे.

आणि शाळेचे म्हणाल, तर तेथे आपला अधिकार आपल्याला वाटतो त्याहून मोठा आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शासकीय आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. विधानसभेत या विषयावर कोणी बोलायला उठत नसेल, तर या बैठकीत आपण उठू शकतो. कायद्याची मर्यादा आठवीपर्यंतची असली, तरी पाळीचा प्रश्न सहावी-सातवीतच सुरू होतो. पालक सभेत गणिताच्या आणि इंग्रजीच्या गुणांची चौकशी आपण करतोच. त्याच सुरात एवढेच विचारावे : तिसरा धडा कोणत्या महिन्यात घेणार, तो मुलामुलींना एकत्र शिकवणार की वेगवेगळा, आणि शिक्षकांना अडचण असेल तर मिनी घाटीतून एखाद्या डॉक्टरांना बोलावता येईल का? या प्रश्नाला मुख्याध्यापकांच्या खोलीत थोडी शांतता पसरेल. उत्तर मिळेपर्यंत बसून राहावे.